पाच सेकंद स्थिर

टाइमकीपरला झटका आला तेव्हा सकाळचे सात वाजून बावीस मिनिटं झाली होती. ही वेळ त्याच्या बायकोला पाठ होती, कारण कोसळताना तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता आणि तिने आणलेला चहा उशिरा आला होता. "दोन..." एवढंच तो म्हणाला. पुढचा शब्द "मिनिटं" असणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तो शब्द काही आला नाही. त्यानंतर चार वर्षं कुठलाच आला नाही.

टाइमकीपर म्हणजे कारखान्याच्या फाटकाशी काचेच्या खोलीत बसून कोण किती उशिरा आला ते टिपणारा माणूस. हे काम तो पोटासाठी करत होता असं म्हणणं खोटं ठरेल. त्याला ते आवडायचं. धावत आलेला माणूस फाटकाशी धापा टाकत उभा राहिला की हा पेन्सिलीला टोक करत बसायचा, आणि टोक झाल्यावर लिहायचा. टोक करायला लागलेला वेळही त्या माणसाच्याच खात्यात. घरी पेन्सिल नव्हती, घरी तो नुसतं तोंडाने सांगायचा. "कोपऱ्यावरून दूध आणायला सव्वीस. चौदाचं काम." "बहिणीशी फोनवर एकोणीस." बायकोवर त्याने कधी हात उगारला नाही. हे तो स्वतःच पाहुण्यांना सांगायचा, आणि पाहुणे तिच्याकडे बघून काय नशीबवान बाई आहे अशी मान डोलवायचे. एकतीस वर्षं तिने स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं घड्याळ बघून काढली.

झटक्याने मानेखालचं सगळं गेलं आणि वाचा गेली. मान तेवढी राहिली. डोक्यात कितपत राहिलं आहे, यावर डॉक्टरांनी खांदे उडवले. हॉस्पिटलने घरी पाठवताना जाड पुठ्ठ्याचा एक अक्षरांचा तक्ता दिला होता. एकेका अक्षरावर बोट ठेवत जायचं, रोग्याने मान हलवली की ते अक्षर लिहून घ्यायचं. बायकोने तो तक्ता दोन दिवस कपाटावर ठेवला. तिसऱ्या दिवशी तिला कॉलरसाठी साचा हवा होता. त्या पुठ्ठ्यातून कॉलरचा साचा फार छान निघाला.

कारण तोवर शिलाई मशीन माळ्यावरून खाली आलं होतं. तिचं माहेरचं मशीन. त्याच्या आवाजाने टाइमकीपरचं डोकं उठायचं म्हणून ते लग्नापासून माळ्यावर होतं. उजेडाची खोली एकच, बाहेरची. तिथे खिडकीशी मशीन आणि भिंतीशी त्याची खाट. पँटींच्या चेनी बदलणं, कोटांची अस्तरं, बाह्या आखूड करणं, अशी कामं येऊ लागली आणि कामांबरोबर बायका येऊ लागल्या. समोरची बेकरीवाली तर बटण तुटलं नसलं तरी यायची. ती दारातूनच हसत यायची आणि हसणं संपलं की बोलायची. आधी खाटेकडे बघून सगळ्यांचे आवाज खाली यायचे. वर्षभरात ते यायचे बंद झाले. खाटेवर माणूस आहे हे विसरायला वर्ष पुरतं.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. बायकोने, म्हणजे आता सगळ्यांच्या तोंडी असलेल्या शिवणवालीने, त्याचं सगळं केलं. दर दोन तासांनी कूस बदलली, भरवलं, पुसलं, दाढी केली. चार वर्षांत त्याच्या पाठीला एक फोड नाही. नर्स यायची ती दुसऱ्या घरी जाऊन हिचं उदाहरण द्यायची. प्रेमाने नव्हे, पण नीट केलं. शिवण घालावी तसं. आणि त्या चार वर्षांत ती, पन्नाशी उलटल्यावर, पहिल्यांदा सुखी होती. हे ती कुणाला बोलली नाही. बोलण्यासारखं ते नव्हतंच.

मग भाची आली.

भाची म्हणजे टाइमकीपरच्या धाकट्या बहिणीची मुलगी, तिशीची. इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करण्याच्या वर्कशॉपमध्ये कामाला. शाळेची दोन वर्षं ती मामाकडे राहिली होती. यायला जितकी मिनिटं उशीर, त्याच्या दहापट वेळ बाहेर पायरीवर उभं राहायचं, असा मामाचा नियम होता. आतून मामी दाराला कान लावून उभी असायची, पण कडी काढायची तिची हिंमत नव्हती. तरी त्या पोरीला आता मामाची दया आली. दया ही अशीच येते, कुणाला न विचारता.

तिने आणलेली वस्तू पोस्टाच्या तिकिटाएवढी होती. हिरवी पट्टी, तिच्यावर काळा ठिपका, एक वायर कॉम्प्युटरला.

"मामी, हा मायक्रोकंट्रोलर. यातल्या चिपला हालचाल कळते. कपाळावर बांधला की मामाची मान जिकडे वळेल तिकडे पडद्यावरचा बाण जाईल. कॉम्प्युटरला वाटतं माऊसच लावलाय. बाण अक्षरावर दोन सेकंद थांबला की अक्षर उमटेल. वाक्य झालं की कॉम्प्युटर ते वाचून दाखवेल."

"म्हणजे हे बोलणार?" शिवणवालीने विचारलं.

"बोलणार मामी!" भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. मामीच्याही आलं, पण ते वेगळ्या नळाचं होतं.

कपाळाला बांधायचा पट्टा अर्थात तिनेच शिवला. मऊ कापड, मागे चिकटपट्टी, पुढे बरोबर मापाचा खिसा. "पट्टा कसला भारी झालाय," भाची म्हणाली. हातून वाईट काम होत नाही, हा शिवणवालीचा दोषच होता.

"आता एकच लक्षात ठेव," भाचीने सांगितलं. "रोज सकाळी चालू करताना पहिले पाच सेकंद मान अगदी स्थिर पाहिजे. उशीला टेकवून ठेवायची. तेवढ्या वेळात हे आपलं शून्य धरतं. तेव्हा हललं, तर त्याला हलणं म्हणजेच स्थिर वाटतं. मग मामाने मान हलवली नाही तरी बाण दिवसभर एका बाजूला सरकत राहील."

हे तिला लगेच समजलं. माप घेताना गिऱ्हाइकाने पोट आत ओढलं की कपडा जन्माचा बिघडतो. "पुन्हा शून्य धरायचं असेल तर?" तिने विचारलं.

"बंद करून पुन्हा चालू करायचं. हे बटण." पण बटण दाबायला हात लागतो, आणि त्या घरात हात मामीचेच होते.

पहिल्या दिवशी नणंद, म्हणजे भाचीची आई, आली, बेकरीवाली आली. सगळ्या खाटेभोवती श्वास रोखून उभ्या. चार वर्षांनी माणूस पहिला शब्द काय बोलणार? नणंदेने तर आधीच पदर डोळ्यांना लावून ठेवला होता. बाण थरथरत फिरला, थांबला, अक्षर उमटलं. पुन्हा फिरला. सहा मिनिटांनी कॉम्प्युटरमधल्या बाईने, रेल्वेची वेळ सांगावी अशा गोड आवाजात, वाचून दाखवलं:

"पडदा वाकडा."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. पडदा खरंच एका बाजूने दोन बोटं खाली आला होता. नणंद हसत रडायला लागली. "अगं हाच! हाच माझा दादा! वहिनी, दादा परत आला गं!" बेकरीवाली टाळ्या वाजवत होती. शिवणवाली स्टुलावर चढली आणि पडदा सरळ केला. उतरताना तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

दादा परत आला तो सगळा आला. चार वर्षांचं बोलणं साठलेलं, पण त्यात गाळ तोच. सकाळी पट्टा बांधला की बाण पहिल्यांदा आकड्यांकडे जायचा. "नऊ," कॉम्प्युटरमधली बाई आनंदाने सांगायची. चहाला नऊ मिनिटं उशीर. "सोळा." आंघोळीला घेतलेली जादा मिनिटं. मान दुखायची, घाम यायचा, तरी तो सोडायचा नाही. मग वाक्यं सुरू झाली. "मशीन बंद कर." मग, बेकरीवाली तिच्या सासूची नक्कल करत असताना, तिच्या तोंडावर: "ही बाई नको." बेकरीवालीने नक्कल अर्धी सोडली आणि कोट न घेताच गेली. बाकीच्याही हळूहळू दारातूनच कपडे देऊ लागल्या. महिनाभरात मशीनवर अभ्रा चढला.

नणंद फोनवर विचारायची, "काय म्हणतो दादा आज?"

"नऊ म्हणाले," शिवणवाली सांगायची. आणि नणंद कौतुकाने हसायची.

पहिल्यांदा झालं ते खरंच चुकून झालं. पट्टा चालू करताना शिवणवालीला शिंक आली आणि तिचा हात त्याच्या कपाळाला लागला. बाण उजवीकडे सरकायला लागला तो थेट कोपऱ्यात जाऊन बसला. टाइमकीपरने मान डावीकडे खेचली. बाण अर्ध्यावर आला, पुन्हा घसरला. त्याचा चेहरा लाल झाला. कॉम्प्युटरमधली बाई एवढंच म्हणाली, "ज्ञ. ज्ञ. ज्ञ." कोपऱ्यातलं अक्षर तेच होतं.

बटण दाबून पुन्हा चालू करायला हवं, हे तिला ठाऊक होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तोही तिच्याकडे पाहत होता. मग ती उठली, मशीनवरचा अभ्रा काढला आणि संध्याकाळपर्यंत बेकरीवालीचा कोट पुरा केला.

दुसऱ्या दिवशी शिंक आली नाही. तिने बटण दाबलं आणि मनात आकडे मोजले. एक, दोन, आणि तीनला बोटाच्या टोकाने पट्ट्याला हलकेच ओढ दिली, कापडाची सुरकुती काढावी एवढीच. "ज्ञ," कॉम्प्युटरमधली बाई म्हणाली.

रोज असं करायला ती काही बावळट नव्हती. दोन दिवस बिघडवायचं, एक दिवस नीट चालू द्यायचं. नणंद येणार असेल त्या दिवशी ओढ अर्धवट, म्हणजे दोन शब्द धड आणि पुढे चिखल. भाची येऊन स्वतः चालू करायची तेव्हा सगळं सुरळीत. "वायर बघते," ती म्हणायची, वायर बदलायची, कपाळाला हात लावायची.

"मामा थकतात गं," मामी सांगायची. "सकाळी बरे असतात, मग भरकटतात." नीट चाललेल्या दिवशी टाइमकीपर काय लिहायचा? तक्रार लिहायचा? छे. त्याला नियम माहीत होता, आणि भाची गेल्यावर बटणावर बोट कुणाचं असतं तेही. शिक्षा देणाऱ्याकडे शिक्षेची तक्रार करायची नसते. तो निमूट "धन्यवाद" लिहायचा. एकतीस वर्षांत न बोललेला शब्द, अडीच मिनिटांत. तिला तो ऐकून बरं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ओढ द्यायची. क्रूरपणा शिकायला वेळ लागतो असं म्हणतात, पण तिचा अभ्यास घरीच झालेला होता.

शेवटी नणंदेनेच पुढाकार घेतला. हॉस्पिटलकडे नुसत्या डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं यंत्र होतं. खाटेला बसवून द्यायचे, कायमचं. त्याला पट्टा नाही, शून्य नाही, बोट लावायची जागाच नाही. पण यंत्रं थोडी आणि रोगी फार, म्हणून ज्याचं डोकं शाबूत आहे त्यालाच मिळायचं. ते तपासायला थेरपिस्ट बाई घरी येणार होत्या. एकदाच.

शिवणवालीला त्या आठवड्यात जेवण गेलं नाही. ते यंत्र बसलं की मशीन माळ्यावर, बेकरीवाली रस्त्यापलीकडे, आणि मरेपर्यंत "नऊ" आणि "सोळा". एक ओढ पुरे होती. एका बोटाचं काम.

त्या सकाळी तिने त्याची दाढी केली, स्वच्छ सदरा घातला, पट्टा बांधला. बटणावर बोट ठेवलं आणि बघितलं, तर टाइमकीपरने डोळे मिटले होते. मान उशीला टेकवून तो इतका स्थिर पडला होता की श्वासही धरला होता. मिटलेल्या पापण्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं. आजवर तिच्यासमोर तो कशासाठीही थांबला नव्हता. माप द्यायला उभ्या राहिलेल्या लहान पोरासारखा दिसत होता तो. तिला त्याची कीव आली. खरी आली, पोटातून.

तिने बटण दाबलं आणि हात मागे घेतला. एक, दोन, तीन, चार, पाच. बाण पडद्याच्या मधोमध उभा राहिला, हलला नाही. टाइमकीपरने डोळे उघडले. "चला," ती म्हणाली, "आज नीट बोला."

थेरपिस्ट बाई मऊ आवाजाच्या, हातात फाइल. नणंद खाटेच्या पायथ्याशी, भाची कॉम्प्युटरजवळ. आज वार कोणता? बरोबर. मी किती बोटं दाखवली? बरोबर. बहिणीचं गाव कोणतं? तेही बरोबर. थेरपिस्ट बाई खुशीने टिक करत होत्या. शिवणवाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि आपण जे करून बसलो त्याने तिला विलक्षण हलकं वाटत होतं. असू दे, असंही वाटत होतं. माणूसच आहे.

"आता शेवटचं," थेरपिस्ट बाई म्हणाल्या. "तुमच्या मनात असेल ते एक पूर्ण वाक्य लिहा. घाई नाही."

बाण निघाला. "ही" उमटलं. शिवणवाली ताठ झाली. ही म्हणजे ती. नवरा तिच्याबद्दल बोलत होता, चार माणसांत. मग फार वेळाने "रोज" उमटलं. ही रोज. ही रोज माझं सगळं करते. ही रोज माझ्यासाठी राबते. तिने मनातल्या मनात वाक्य पुरं करूनही टाकलं. हसू नये, पण पंचावन्न वर्षांच्या त्या बाईने पदराचं टोक हातात धरलं, नणंदेने पहिल्या दिवशी धरलं होतं तसं. टाइमकीपरच्या कपाळावरून घाम पट्ट्यात मुरत होता. अकरा मिनिटं लागली. मग कॉम्प्युटरमधल्या बाईने गोड आवाजात वाचलं:

"ही रोज यंत्र मुद्दाम हलवते."

भाचीने मान वर केली. थेरपिस्ट बाई शिवणवालीकडे वळल्या. "म्हणजे काय हो? असं काही होतं का?"

शिवणवालीने पदराचं टोक सोडलं. तिचा चेहरा पडला होता, आणि तो पडलेला चेहराच तिच्या कामी आला. "काय सांगू बाई," ती म्हणाली. "परवा म्हणाले, मी चहात विष घालते."

"अरे देवा, दादा!" नणंद हमसून रडायला लागली. "आणि वहिनी, तू हे आम्हाला बोलली नाहीस?"

"काय बोलायचं वन्सं? आपलंच माणूस."

थेरपिस्ट बाईंनी फाइल मांडीवर ठेवली. त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "असं होतं. वार, गाव, बोटं बरोबर येतात, पण जो सगळं करतो त्याच्यावरच संशय घेतात. आजारच तसा आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." टाइमकीपरने मान झटकली. पुन्हा पुन्हा झटकली. बाण पडद्यावर वेड्यासारखा धावायला लागला, रागाने थरथरणाऱ्या मानेखाली अक्षरांवर अक्षरं पडत गेली, आणि कॉम्प्युटरमधली बाई न थकता वाचत राहिली, "कमठनन, खखख, डढमन." थेरपिस्ट बाईंनी तेही लिहून घेतलं. मग फाइलमधल्या यंत्राच्या रकान्यावर एक रेघ मारली आणि चहा नको म्हणाल्या.

त्या गेल्या. नणंद वहिनीच्या गळ्यात पडून, तिचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवून गेली. भाची मागे राहिली. तिने मामाच्या कपाळावरचा पट्टा सोडला, खिशातून हिरवी पट्टी काढली आणि वायर गुंडाळत म्हणाली, "मामी, मी चालू केलं की बाण कधीच सरकला नाही."

"तुझा हात हलका आहे," मामी म्हणाली.

भाचीने दाराकडे पाहिलं, दाराबाहेरच्या त्या पायरीकडे. खाटेवरून मामाचे डोळे तिला चिकटले होते. "वर्कशॉपमध्ये याचं दुसरं काम निघालंय," ती म्हणाली, पट्टी पर्समध्ये टाकली आणि गेली. जाताना दार तिने हळूच ओढून घेतलं.

शिवणवाली खाटेशी बसली. रुमालाने त्याचा घाम पुसला, डोळ्यांच्या कडा पुसल्या, दर दोन तासांप्रमाणे कूस बदलली, आता खिडकीच्या बाजूला. उशी सारखी केली. मग त्याच्या कानाशी वाकून, न रागावता, हिशेब सांगावा तसं म्हणाली, "तुम्हाला अकरा मिनिटं लागली. मी मोजली. उत्तराला मला तीन सेकंद लागले."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो खिडकीकडे बघत होता. ती उठली, स्टुलावर चढली आणि पडद्याचं एक टोक दोन बोटं खाली ओढून ठेवलं.